मणाचे व्यापार

आमच्या कॉलेजात वेताच्या अकरा खुर्च्या होत्या आणि सर त्यातल्या एकीवरही बसत नसत. प्राचार्यांच्या खोलीत चार, प्राध्यापकांच्या खोलीत सहा आणि ऑफिसात एक. मीटिंग दोन तास चालली तर सर दोन तास भिंतीला पाठ लावून उभे. कोणी म्हणालं, "बसा की सर," तर म्हणत, "खुर्ची आहे ती. दिसतंय मला."

आम्ही शिपाई लोकांनी त्याचा आमच्यापुरता अर्थ लावून ठेवला होता. माझ्याबरोबरचा शिपाई गंगाराम म्हणायचा, "मूळव्याध हाय रं. माझ्या सासऱ्याला हुती. असाच भितीला टेकून जेवायचा." मला ते पटलं होतं. मोठ्या माणसाला असलं दुखणं विचारायचं कसं, म्हणून कोणी विचारलं नाही.

मी नगरच्या त्या कॉलेजात शिपाई होतो. मूळ गाव पारनेरकडचं. शिक्षण सांगायचं तर चौथी. पण अक्षर असं, की फळ्यावर नोटीस मी लिहिली तर पोरं आधी अक्षर बघत आणि मग नोटीस वाचत. फुशारकी म्हणून सांगत नाही, होतं ते होतं. हेडक्लार्क कागद देत आणि मी त्यावरून जसंच्या तसं उतरवून काढत असे. पंधरा वर्षांत एक काना इकडचा तिकडे झाला नाही.

सर तर्कशास्त्र शिकवत. सावेडीच्या माळावर तेव्हा दहा-बारा घरं होती, त्यातल्या एका खोलीत एकटे राहत. तिथून सायकल हातात धरून चालत येत. सायकलवर बसलेलं त्यांना मी पाहिलं नाही. दप्तर सायकलला आणि सर तिच्या शेजारी. बोलणं कमी. पण एक शब्द तोंडात कायम बसलेला, "कशावरून?"

"सर, चहा गरम हाय."

"कशावरून?"

मग मी म्हणायचो, वाफ येतीय. ते म्हणायचे, "वाफ हा पुरावा झाला. आता द्या." प्राचार्य म्हणाले, यंदा निकाल चांगला लागेल, तरी "कशावरून?" कोणी मेलं असं सांगितलं तरी तेच. एकदा गंगारामच्या चुलत्याची खबर आली तेव्हा सरांनी विचारलं, आणि गंगारामनं त्यांच्याशी आठ दिवस बोलणं टाकलं होतं. आठव्या दिवशी कळलं की मेला तो दुसराच, त्याच नावाचा. चुलता आला आणि पायरीवर बसून तंबाखू मळू लागला. तेव्हापासून गंगाराम सरांना जरा वचकून असे.

त्यांच्या वर्गात एक मुलगा कुबड्यांवर चालणारा होता. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. दोघं जण त्याला उचलून वर नेत आणि दोघं खाली आणत, तेही लक्षात राहिलं तर. सरांनी प्राचार्यांना सांगितलं, वर्ग खाली आणा. प्राचार्य म्हणाले, "एका मुलासाठी पन्नास मुलं हलवायची?" सर म्हणाले, "पन्नास मुलं चालू शकतात. तो चालू शकत नाही. कोणी हलायचं ते यातूनच निघतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली, "अहो, फळा घ्या." तो फळा मी आणि गंगाराम, आम्ही दोघांनी जिन्यावरून खाली आणला आणि लिंबाखाली टेकवला. दीड महिना तर्कशास्त्र लिंबाखाली चाललं. फळ्यावर लिंबोळ्या पडत. शेवटी सायकल ठेवायची खालची खोली वर्गासाठी मिळाली, आणि सरांची सायकल उन्हात गेली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मी मात्र बोललो, कारण पाठ माझी धरली होती.

इंदू आली ती त्याच खोलीत. पारनेर तालुक्यातली, आमच्याच बाजूची. सहाव्या वर्षी देवी आल्या आणि डोळे गेले. पुण्याच्या अंधशाळेत ठिपक्यांची लिपी शिकली, मॅट्रिक झाली आणि हट्टानं कॉलेजात आली. कॉलेजाची पुस्तकं ठिपक्यांत कुठली मिळायला? वाचून दाखवायला माणूस पाहिजे. यावर सरांनी काढलेला तोडगा साधा होता. जो तासाला उशिरा येईल त्यानं इंदूला वीस पानं वाचून दाखवायची. पोरं उशिरा यायची ती यायचीच. महिन्याभरात तिची दोन पुस्तकं संपली.

ती मला सांगायची, "मामा, स्मृतीचं प्रकरण मला त्या जामखेडच्या पोराच्या आवाजात पाठ हाय. तो मधीच खोकतो ना, ते पण पाठ हाय. पेपरात खोकला आला न्हाई म्हंजे झालं."

कॉलेजातली सगळी पोरं शिपायाला मामाच म्हणतात, पण तिच्या तोंडून ते वेगळं लागायचं. गावाकडची हाक असल्यासारखं.

तिच्या बी.ए.च्या शेवटच्या साली पाऊस नव्हता. गावोगावची माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. इंदूचे वडील आणि थोरला भाऊ दोघंही तिथंच. ती म्हणायची, "मी म्हनलं, मला पण घ्या. मुकादम म्हनला, बाई, कपची डोळ्यात उडंल. म्हनलं, उडू द्या की!" आणि स्वतःच हसायची. भावानं तिला सांगून ठेवलं होतं, यंदा बी.ए. झालीस तर ठीक. नाही झालीस तर एका संस्थेत जागा बघून ठेवली आहे, तिथं आंधळ्यांना खुर्च्या विणायला शिकवतात, जेवण-राहणं तिथंच.

मी तिला विचारलं, "त्यात वाईट काय?"

"खुर्च्या विणण्यात वाईट काहीच न्हाई, मामा. मला दुसरं काही येतं का, असं कोणी विचारतच न्हाई, ते वाईट."

सर शेजारी उभे होते. त्या रविवारी ते इंदूला घेऊन एस.टी.नं एका शुगर फॅक्टरीत गेले. तिथं टेलिफोनचा बोर्ड होता, जुन्या पद्धतीचा. फोन आला की एक बारीक झडप खाली पडायची. ऑपरेटरनं ती बघून तिथं दोरी खोचायची. सरांनी ते आधीच कुठून तरी काढलेलं होतं. पडलेली झडप बोटाला कळते, आणि आवाज ओळखण्यात तर इंदूचा हात कोण धरणार? तिनं बोर्डावरून हात फिरवला आणि दोन-चार झडपा अचूक काढून दाखवल्या. कारखान्याचे चेअरमन बघत होते. ते म्हणाले, "मास्तर, डोळस मॅट्रिक पोरं दारात रांग लावून हायत. मी आंधळी का घेऊ?"

"ती बी.ए. असेल तर?"

"झाली तर बघू."

"बघू म्हणालात. लक्षात ठेवतो," सर म्हणाले आणि निघाले. हे मला इंदूनं सांगितलं.

म्हणजे सगळं परीक्षेवर आलं. आंधळ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो. उमेदवारानं सांगायचं आणि लेखनिकानं लिहायचं. विद्यापीठाचं पत्र आलं, की लेखनिक उमेदवारापेक्षा कमी शिकलेला पाहिजे. म्हणजे त्यानं आपल्या पदरचं घालू नये. पहिली दोन वर्षं तिला शाळेतली एक मुलगी मिळाली होती, पण यंदा ती मुलगी स्वतः मॅट्रिकला. दुसरी बघावी तर शाळांच्या परीक्षा त्याच दिवसांत. आईबाप म्हणत, आमच्या पोरीचं वर्ष बुडवायचं का?

सर पत्र हातात घेऊन व्हरांड्यात उभे होते. मी फळ्यावर नोटीस लिहीत होतो. ते माझ्याकडे बघत राहिले.

"अहो, तुमचं शिक्षण किती?"

"चौथी."

"चौथी बी.ए.पेक्षा कमी आहे?"

"मंग काय जास्त हाय का, सर?"

"तुमची या वर्षी परीक्षा आहे?"

"माझी? कसली परीक्षा?"

"मग तुम्हीच लेखनिक," सर म्हणाले. एवढ्यात ठरलं. मला वाटलं, माझ्या अक्षराचा हा मान. गंगारामला मी तसंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सरांनी मला सायकलच्या खोलीत बसवलं आणि दहा ओळी सांगितल्या. मी मोत्यासारख्या लिहिल्या. सरांनी कागद घेतला, वाचला आणि तसाच परत दिला. "कारन. प्रमान. लक्षन. गुनधर्म. हे काय आहे?"

"तुमी म्हनला तेच."

"मी ण म्हणालो."

"मी पन तेच लिहिलं की."

तेव्हा कळलं. पंधरा वर्षं मी बघून लिहीत होतो. ऐकून कधी लिहिलंच नव्हतं. माझ्या कानाला ण आणि न हे एकच होते. मला राग आला. मी म्हणालो, "सर, आख्खं पारनेर पानी पितं. कोनी तहानेनं मेलं न्हाई."

"मलाही पानी चालतं," सर म्हणाले. "पेपर तपासणारा पारनेरचा आहे, कशावरून?"

दोन महिने रोज चार ते पाच. सर उभे, मी बाकावर, इंदू समोर. पाणी, लोणी, दाणा, बाण, कारण, प्रमाण. जीभ टाळूला मागे न्यायची. घरी गेलो तरी जीभ टाळूलाच. बायको म्हणाली, "तोंडात काय धरलंय?" मी म्हणालो, "ण." ती सासरच्या देवाला नारळ बोलली. गंगाराम तर येता-जाता, "काय पंडित, चहाला गुळ का गूळ का गुण?" मी हट्टाला पेटलो. परीक्षेच्या आठवड्यापर्यंत माझा एकही ण चुकत नव्हता. सर म्हणाले, "आता येतो." ही त्यांची शाबासकी.

पेपर झाले. वेगळी खोली, एक पर्यवेक्षक. इंदू भिंतीकडे तोंड करून सांगायची आणि मी लिहायचो. तिसरा पेपर मानसशास्त्राचा. तो तिचा सगळ्यात आवडता. जामखेडच्या पोराच्या आवाजात पाठ केलेला तो हाच. तीन तास ती थांबली नाही. माझा हात भरून आला, पण बाहेर पडताना मीही ताठ होतो.

संध्याकाळी मी बाजरी बघायला भुसार बाजारात गेलो. तेव्हा माप किलोवर आलं होतं, तरी जुन्या दुकानांच्या पाट्या तशाच होत्या. एका पाटीवर लिहिलं होतं, बाजरी, दर मणी. मी पाटी वाचली आणि पुढं गेलो. मग मागं आलो आणि परत वाचली. मण. चाळीस शेरांचा मण. आणि माणसाचं मन ते कसं लिहितात? पलीकडे देवळाच्या भिंतीवर सुविचार रंगवलेला होता, 'मन शुद्ध ठेवा.' तिथं न होता. साधा न.

त्या दिवशी तीन तास मी एकच शब्द सारखा लिहिला होता. मणाचे व्यापार. मणाची एकाग्रता. चंचल मण. मणाचे स्तर. निम्मा पेपर मनाचा होता आणि मी तो सगळा तागडीत घातला होता. ण शिकलो आणि न विसरलो.

मी घरी गेलो, भाकरी खाल्ली आणि ठरवलं, कोणाला सांगायचं नाही. लिहिणारा मी, बघणारा कुठला तरी लांबचा तपासनीस. दोन दिवस तसाच राहिलो. शेवटचा पेपर झाला तेव्हा इंदूचा भाऊ न्यायला आला होता. ट्रंक बाहेर ठेवली होती. इंदू सरांना सांगत होती, "बाकीचे काठावर हायत, सर. पण मानसशास्त्र असं गेलंय, की त्याच्यावर मी तरून जाते." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, तुमच्यामुळं."

मग मला राहवलं नाही. मी म्हणालो, "पोरी, तो पेपर गेला."

सर म्हणाले, "कशावरून?"

"बाजरीच्या पाटीवरून," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

भावाला काही कळलंच नाही, तो ट्रंकेवर बसून राहिला. इंदूचा चेहरा उतरला. ती काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "मामा, चंचल मण पण लिहिलं का?"

"व्हय."

"चाळीस शेर चंचल," ती म्हणाली. हसायला गेली, पण जमलं नाही.

सर म्हणाले, "उद्या पहाटेची पुण्याची एस.टी. धरायची. अहो, तुम्ही पण."

इंदू भावाबरोबर गावी गेली, पुण्याला सर आणि मी. विद्यापीठातला अधिकारी भला माणूस होता, पण घाईत होता. सरांनी अर्ज पुढं केला. सर उभेच. त्यांचं म्हणणं दोन वाक्यांचं होतं: उत्तर उमेदवाराचं आहे आणि शुद्धलेखन लेखनिकाचं आहे. लेखनिकाच्या चुकीचे गुण उमेदवाराचे कापणं तर्काला धरून नाही.

अधिकारी म्हणाला, "चूक लेखनिकाचीच, कशावरून?"

सर पहिल्यांदाच कोणाकडे तरी कौतुकानं बघत होते. ते म्हणाले, "योग्य प्रश्न. म्हणून त्याला बरोबर आणला आहे. तुम्ही सांगा, तो लिहील."

मला खुर्ची दिली. वेताची. पुढ्यात कागद. एस.टी.त मी ठरवून आलो होतो, की आता लिहायची वेळ आली तर असं लिहीन, की या लोकांनी बघत राहावं. आणि बसल्यावर ध्यानात आलं, मी बरोबर लिहिलं तर इंदू बुडाली. मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "मुद्दाम चुकायचं नाही. येतं तसं लिहायचं." मी जीव तोडून लिहिलं. सगळं आयुष्य पणाला लावल्यासारखं.

अधिकाऱ्यानं कागद बघितला. "मन तर बरोबर आहे की."

"तेवढं परवा भुसार बाजारात शिकला," सर म्हणाले. "बाकीचं बघा."

जणता. वण. धण. माणवी जीवण. साधण. अधिकारी पेन्सिलीनं एकेक खूण करत गेला. नऊ खुणा झाल्या. पंधरा वर्षं ज्या अक्षराला कोणी बोट लावलं नव्हतं, त्यावर नऊ खुणा. बाजूचा कारकून तोंडावर हात धरून हसत होता. "शिक्षण किती?" अधिकाऱ्यानं विचारलं. कागदावर लिहायचं होतं त्याला.

वर मी चौथी लिहिलं आहे. आयुष्यभर सगळ्यांना तेच सांगितलं. खरं असं आहे, की चौथीत बसलो होतो, परीक्षेला बसलो नाही. बैल आजारी होता, तो घेऊन बापानं मला पारनेरला धाडलं. त्या खोलीत मी पहिल्यांदा म्हणालो, "तिसरी."

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. "कशावरून" म्हणाले नाहीत. तेवढी एकदाच त्यांनी मला सूट दिली.

अधिकारी म्हणाला, वचन देत नाही. ही चिठ्ठी आणि हा कागद तपासनिसाकडे पाठवतो. आम्ही निघालो.

परतीच्या एस.टी.त शिरूर मागं पडलं. मी आधीच उघडा पडलो होतो, म्हणून धीर झाला. म्हणालो, "सर, एक विचारू? तुमाला मूळव्याध हाय का?"

"कशावरून?"

"खुर्चीवर बसत न्हाई. एस.टी.त तर बसता."

सरांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. इंदूच्या आधी एक आंधळा मुलगा त्यांच्या वर्गात होता. तर्कशास्त्रात त्याच्याइतका हुशार त्यांना पुढं मिळाला नाही. परीक्षेच्या दिवशी त्याचा लेखनिक आलाच नाही. तो तीन तास कोरा कागद पुढ्यात घेऊन बसला. सर दुसऱ्या केंद्रावर होते. त्यांना संध्याकाळी कळलं. मुलगा खुर्च्या विणायला गेला. आमच्या कॉलेजच्या खुर्च्या तिथूनच आल्या होत्या.

"अकरापैकी त्याची कोणती ते सांगता येत नाही," सर म्हणाले. "म्हणून कोणतीच नाही."

हे मी गंगारामला सांगितलं नाही. त्याला मूळव्याधच पटत होती.

जूनमध्ये निकाल लागला. इंदू पास. वरचा वर्ग नाही, पण पास. मानसशास्त्रात चांगले मार्क होते. मी सरांना म्हणालो, "चिठ्ठीचं काम झालं." सर म्हणाले, "किंवा तपासनीस पारनेरचा असेल. दोन्ही शक्य आहे. पुरावा नाही." आणि त्याच दिवशी ते फॅक्टरीत गेले. चेअरमनसमोर गुणपत्रिका ठेवली आणि म्हणाले, "बघू म्हणाला होतात. बघा." चेअरमननं एक महिना चाचणीवर घेतो म्हणून सांगितलं.

तो महिना होऊन गेला. एक दिवस प्राचार्य बाहेरगावी होते आणि त्यांच्या खोलीतला फोन वाजला. मी उचलला. पलीकडून आवाज आला, अगदी सरकारी: "शुगर फॅक्टरीतून बोलते. सरांना द्या." मी ओळखलं, पण आवाज एवढा करडा होता की मामा म्हणवून घ्यायची हिंमत झाली नाही. सर तास सोडून कधी येत नसत. मी वर्गाच्या दारात जाऊन नुसतं फॅक्टरी म्हणालो, आणि ते खडू हातात घेऊन आले.

त्यांनी फोन कानाला लावला, ऐकलं आणि म्हणाले, "कशावरून?"

पलीकडून एकच शब्द आला असावा. सरांना हसताना मी कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी हसले असंही म्हणता येणार नाही, पण खांदे हलले. मग बराच वेळ नुसतं "हं, हं" म्हणत राहिले. फोन ठेवला. भिंतीजवळची एक खुर्ची ओढली. तिच्या विणीवर तळहात दाबून बघितला, इकडून आणि तिकडून. आणि बसले.

मी विचारलं, "काय म्हनली, सर?"

"म्हणाली, मी इंदू बोलतेय, आता कायम झाले. मी विचारलं, इंदूच कशावरून? म्हणाली, मणावरून." आणि वर म्हणाले, "पुरावा बिनतोड आहे."

गंगाराम चहा घेऊन आला, दारातच थबकला, कप ठेवून लगबगीनं बाहेर गेला आणि मला व्हरांड्यात ओढलं. "आरं, बसले की! बरी झाली वाटतं मूळव्याध."

"व्हय," मी म्हणालो. "झाली बरी."